डाव्या मागच्या चाकाचा तक्ता

“मॅडम, टायरचा सेन्सर गेलाय. दुर्लक्ष करा,” काउंटरमागचा तरुण म्हणाला आणि त्याने गाडीची किल्ली पुढे सरकवली.

नंदाबाईंनी किल्ली उचलली नाही.

“दुर्लक्षच करायचं होतं तर दिवा कशाला बसवलाय?”

तरुण हसला. लोणावळ्याला हमरस्त्यावरच्या त्या वर्कशॉपमध्ये सोमवारची गर्दी होती आणि नंदाबाईंच्या मागे आणखी तिघे जण ताटकळत उभे होते. “जुन्या गाडीत होतं असं. थंडीत लागतो, ऊन चढलं की जातो. तुमचा असाच लागतो ना?”

“सकाळी लागतो. अर्धा तास चालवली की जातो.”

“मग झालं तर! चारी चाकांत हवा बरोबर आहे, मी स्वतः बघितलंय. फारच डोळ्यांत खुपत असेल तर त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावून घ्या. पुष्कळ जण लावतात.”

नंदाबाईंनी किल्ली घेतली, ‘बरं’ म्हटलं आणि बाहेर आल्या. पण चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या बाईला ‘सकाळी येतो आणि दुपारी जातो’ एवढं सांगून गप्प बसवणं सोपं नव्हतं. असे ताप त्यांनी पुष्कळ पाहिले होते. आपोआप उतरलेल्या तापावर विसंबून राहिलेली माणसंही पाहिली होती.

गाडी त्यांनी गेल्या दसऱ्याला घेतली होती. जुनीच, पण नीटनेटकी. शोधून दिली होती मुलाने, प्रज्ञेशने. तो चाकणच्या एका कारखान्यात कामाला होता आणि चिंचवडला राहत होता. गाडी घ्यायच्या आधी नंदाबाईंनी कामशेतच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, तेव्हा त्या साठ वर्षांच्या होत्या. बरोबरच्या मुली कॉलेजातल्या. पहिल्या परीक्षेत रिव्हर्स घेताना त्या नापास झाल्या, दुसऱ्यांदा गेल्या आणि लायसन घेऊनच घरी आल्या.

लोकांना वाटलं, निवृत्त झालेल्या बाईची हौस. ती होतीच. पण त्यात आणखीही काही होतं. चौतीस वर्षं नंदाबाई दुसऱ्याच्या चाकांवर फिरल्या होत्या. एसटी, दुधाचा टेम्पो, सरपंचाची जीप, कुणाच्याही स्कूटरवरची मागची जागा. लसींचा डबा मांडीवर घेऊन त्यांनी पवनेच्या काठची सगळी गावं अशीच पालथी घातली. कुणी निघेल तेव्हा निघायचं आणि कुणी परतेल तेव्हा परतायचं. आता अंगणात स्वतःची गाडी उभी होती आणि मनात आलं की त्या निघू शकत होत्या. कामशेतहून पवनानगर, तिथून दुधिवरेची खिंड चढून लोहगडवाडी. त्या वळणांवर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घालताना त्यांना जे वाटायचं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

घरी पोचतात तोच प्रज्ञेशचा फोन आला.

“काय म्हणाले?”

“चिकटपट्टी लावा म्हणाले.”

“आई, ऐक. मी रविवारी येतो आणि गाडी घेऊन जातो. माझ्या ओळखीत एक जण आहे, तो घेईल. तू त्या घाटात एकटी फिरतेस आणि इथे माझं कामात लक्ष लागत नाही.”

“आणि मला कुठं जायचं असलं म्हणजे?”

“मी इथून कॅब बुक करून देईन ना.”

“धोंडामावशींच्या दारात येते का तुझी कॅब?”

“आई, प्लीज. रविवारी बोलू.”

त्याने फोन ठेवला. नंदाबाईंना राग आला नाही. पोरगा घाबरलाय आणि घाबरायला त्याला कारण आहे, हे त्यांना कळत होतं. गाडी त्यानेच पसंत केली होती. पण पुढच्या बुधवारी धोंडाबाईंना लोणावळ्याला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तीन महिन्यांनी मिळाली होती. धोंडाबाई म्हणजे लोहगडवाडीची जुनी सुईण, ऐंशी पार केलेली. नंदाबाई नव्या नोकरीवर आल्या तेव्हा दोघी पहिली दोन वर्षं एकमेकींना पाण्यात पाहायच्या. सरकारी नर्सला वाटायचं, ही म्हातारी कोयत्याने नाळ कापते. म्हातारीला वाटायचं, ह्या पोरीला स्वतःला लेकरू नाही आणि मला शिकवायला आली. पुढे दोघींनी मिळून इतकी बाळंतपणं केली की कोण कुणाकडून काय शिकलं, याचा हिशेब राहिला नाही.

ओसरीवर हनुमंतराव चहा पीत बसले होते. नंदाबाईंचे यजमान. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून, रूळ बदलायची नोकरी झालेली, मळवली ते तळेगाव या पट्ट्यातच सगळी हयात गेलेली. गाडीत ते कायम मागच्या सीटवर बसत. पुढचं काही दिसत नाही म्हणून मागे बरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

“तुझी कढई विझली का?” त्यांनी विचारलं. डॅशबोर्डवरच्या त्या पिवळ्या दिव्याचा आकार त्यांना कढईसारखा दिसायचा. मध्ये उद्गारचिन्ह होतं, ते त्यांच्या लेखी कढईतलं उलथनं.

“ते म्हणतात, दिवाच खोटा आहे.”

हनुमंतरावांनी कप खाली ठेवला. “आमच्यात काय हुतं माहिती हाय? सिग्नल बिघडलाय असं वाटलं तरी गाडी थांबवायची. खोटा हाय म्हणून पुढं न्यायची न्हाई. आदी थांबायचं, मग कारण हुडकायचं.”

“मग तेच करते,” नंदाबाई म्हणाल्या आणि पुन्हा गाडीत बसून महंमदकडे गेल्या.

महंमदचं टायरचं दुकान कामशेतच्या जुन्या रस्त्याला, भाताच्या गिरणीशेजारी. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या फरदीनला आणि महेकला नंदाबाईंनीच डोस पाजले होते, त्यामुळे तो त्यांना ‘सिस्टर’ म्हणे आणि त्यांच्यासाठी आतली खुर्ची बाहेर आणे.

“सिस्टर, दिवा लागताना आदी फडफडतो का? मिनिटभर?”

“नाही. किल्ली फिरवली की थेट लागतो. स्थिर.”

“नक्की?”

“महंमदभाई, मी रोज बघते.”

“मग सेन्सर जित्ता हाय,” महंमद म्हणाला. “सेन्सर मेला की दिवा आदी फडफड करतो, मग लागून ऱ्हातो. थेट लागला म्हंजी कुटल्यातरी चाकात हवाच कमी हाय.”

“पण त्यांनी मोजली. बरोबर आहे म्हणाले.”

“कवा मोजली?”

“आज दुपारी. मी लोणावळ्यापर्यंत चालवत नेली होती.”

“हां. तितंच चुकतंय. टायर गरम झाला की आतली हवा फुगती, आकडा वाढतो. म्हणूनच तुमचा दिवा बी दुपारी जातो. हवा बघायची ती सकाळी, गाडी हलवायच्या आदी.”

“उपाशीपोटी रक्त घेतात तसं.”

“तसंच बगा.”

त्याने गाडी तासभर सावलीत उभी राहू दिली आणि मग मोजली. तीन चाकांत बत्तीस, डाव्या मागच्या चाकात सत्तावीस. रोग कुठे आहे ते कळलं, पण का, ते कळेना. महंमदने चाक जॅकवर उचललं, ब्रशने साबणाचं पाणी सगळीकडे लावलं, वॉल्व्हवर थुंकी लावून पाहिली, चाक हळूहळू फिरवत दोनदा तपासलं. एक बुडबुडा नाही. खिळा नाही, काच नाही.

“कमाल हाय,” तो म्हणाला. “हवा जाती, पण जाताना दिसत न्हाई. बुडबुडा दिसल्याबिगर टायर फाडून मी काय बगू?” त्याने चारी चाकं तेहतीसवर भरली आणि खिशातलं हवा मोजायचं छोटं यंत्र नंदाबाईंच्या हातात दिलं. “रोज सकाळी बगा. चारी बगा, एकच न्हाई. आन मला सांगा.”

घरी आल्यावर नंदाबाईंनी कपाटातला खालचा कप्पा उघडला. निवृत्त होताना दवाखान्यातून आलेल्या चार वस्तूंत ताप-नाडीच्या तक्त्यांचे कोरे कागद होते. निळ्या बारीक चौकटींचे. त्यांनी एक काढला आणि ‘रुग्णाचे नाव’ या ओळीपुढे लिहिलं : डावं मागचं.

मंगळवारी सकाळी सहा वाजता, स्वेटरवर शाल घेऊन, त्यांनी पहिली नोंद केली. तीन चाकं तेहतीस, डावं मागचं तीस. बुधवारी सगळी तशीच. डावं मागचं तीस, रात्रीतून काहीच गेलं नव्हतं. गुरुवारी थंडी कडाक्याची पडली. चारी चाकं एकेकाने उतरली, म्हणजे ती थंडीची करणी, चाकाची नव्हे. शुक्रवारी सकाळी तीन चाकं जिथल्या तिथे आणि डावं मागचं पंचवीस. दिवा लागला होता.

तक्त्यावर रेघ ओढल्यावर ती सरळ उतरत नव्हती. एका रात्रीत घसरलेली, दोन रात्री आडवी, मग पुन्हा घसरलेली.

“गळका नळ रोज गळतो,” हनुमंतराव खांद्यावरून वाकून म्हणाले. “हे काय येगळंच. एक दिस गळतंय, दोन दिस न्हाई.”

नंदाबाई पेन्सिल ओठांना लावून बसल्या. गाडी रोज त्याच अंगणात, त्याच फरशीवर उभी. चालवली सारखीच. मग सोमवारी रात्री आणि गुरुवारी रात्री असं काय वेगळं झालं? दवाखान्यात एक म्हातारे होते, डाव्या कुशीवर झोपले की रात्रभर खोकायचे, उजव्या कुशीवर झोपले की गाढ झोप. कुणी म्हणायचं नाटक करतात. नाटक नव्हतं. कूस बदलली की दुखणं बदलत होतं.

“अहो,” त्या एकदम म्हणाल्या, “चाक रोज वेगळ्या कुशीवर झोपतं.”

“काय?”

“गाडी थांबते तेव्हा चाकाचा कुठला भाग खाली येईल याचा काही नेम आहे का? भोक जिथं आहे तो भाग खाली आला, गाडीचं वजन त्याच्यावर पडलं, की ते उघडत असेल. वर असलं की मिटत असेल. महंमदभाईंनी चाक उचलून बघितलं, तेव्हा वजनच नव्हतं त्याच्यावर!”

हनुमंतरावांनी बायकोकडे पाहिलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, पण अशा वेळी तिच्याकडे बघायला त्यांना अजून आवडायचं. “मग आता?”

“आता खडू आणा.”

महंमदकडून परत तेहतीस हवा भरून आणून त्यांनी चाकाच्या कडेने सहा खुणा केल्या आणि एक ते सहा आकडे घातले. प्रत्येक खूण जमिनीला टेकवून गाडी दीड-दीड तास उभी ठेवायची, मग मोजायचं. पण गाडी सुरू करून चाक नेमक्या खुणेवर थांबवणं अवघड. म्हणून गाडी न्यूट्रलला टाकून ढकलायची असं ठरलं.

अंगण तसं सपाट होतं. नंदाबाई स्टिअरिंगशी, एक पाय जमिनीवर, आणि मागून हनुमंतराव. पहिल्याच ढकलण्यात गाडी दोन खुणा पुढे गेली. मग दोघांनी जागा बदलल्या. नंदाबाई ढकलू लागल्या आणि हनुमंतराव चाकाशेजारी उभे राहून इशारा करू लागले, शंटिंग करताना इंजिनाच्या ड्रायव्हरला करायचे तसा. हात लांब करून हळूहळू खाली, हळूहळू खाली, आणि मग झटकन आडवा. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तो हात पुन्हा तसा हलला. शेजारची सविता कपडे वाळत घालता घालता थांबली.

“काय चाललंय ओ, सिस्टर? गाडी बंद पडली का?”

“नाही गं. तपासणी चाललीय.”

“ढकलून?”

“हात लाव की जरा.”

सविता हसत आली आणि तिनेही हात लावला.

एक नंबर, काही नाही. दोन नंबर, काही नाही. तीनच्या वेळी ऊन चढलं आणि चारी चाकं एकेकाने वाढली. नंदाबाईंनी तेही टिपून ठेवलं. चार नंबरलाही काही नाही. एव्हाना तीन वाजले होते, दोघांचं जेवण अंगणातच उभ्याउभ्या झालं होतं. पाच नंबरची खूण खाली टेकवून हनुमंतराव ओसरीवर आडवे झाले. साडेचारला नंदाबाईंनी मोजलं. बाकीची तीन होती तिथेच. डावं मागचं एकाने उतरलं होतं. त्यांनी पुन्हा मोजलं. तेच.

त्यांनी नवऱ्याला उठवलं नाही. आधी तक्त्यावर टिंब दिलं, त्याच्याभोवती लाल गोल केला आणि मग चहा ठेवला.

शनिवारी सकाळी महंमदने सगळं ऐकून घेतलं. तक्ता हातात धरून बराच वेळ पाहिला. मग दुकानासमोर पोतं अंथरलं. पाच नंबरची खूण बरोबर जमिनीला टेकेल अशी गाडी उभी करून घेतली आणि बॅटरी घेऊन गाडीखाली पाठीवर सरकला. चाकाच्या आतल्या बाजूला, रस्त्याला टेकतं तिथे, त्याने साबणाचं पाणी लावलं.

थोडा वेळ काही नाही. नंदाबाईंना फक्त त्याच्या चपला दिसत होत्या.

“आली!” खालून आवाज आला. “सिस्टर, आली! मव्हरीएवढाले बुडबुडे. एकामागं एक!”

चाक काढून त्याने टायर रिंगवरून उतरवला आणि आतली बाजू उजेडाला धरली. टायरचा जमिनीवर घासणारा भाग जिथे संपतो आणि बाजूची भिंत सुरू होते, बरोबर त्या वळणावर कुणीतरी कधीतरी पंक्चर काढलं होतं. बाहेरून रबराची दोरी खुपसून कापून टाकलेली, आतून काहीच लावलेलं नाही. बाहेर ती झिजून टायरच्या रंगाची झाली होती, म्हणून दिसत नव्हती. आत मात्र तिच्याभोवती गंजाचा तांबूस डाग पसरला होता.

“हात लावा,” महंमद म्हणाला.

नंदाबाईंनी अंगठ्याने दाबलं. बाकी टायर कडक होता. तेवढी बंद्या रुपयाएवढी जागा मऊ होती, आतून सुटल्यासारखी. पिकलेल्या गळवासारखी ती मऊ जागा त्यांच्या बोटांना ओळखीची होती. त्यांनी हात लगेच काढला नाही.

“हितं पंक्चर काढायचंच नसतंय,” महंमद म्हणाला. “आदीच्या मालकानं काढलंय. पाणी आत गेलं, तारा गंजल्या. दिवसेंदिवस भोक वाढत चाललं हुतं. उन्हाळ्यात, घाट उतरताना, गाडीत चार माणसं...” त्याने टायर भिंतीला उभा करून त्यावर पिवळ्या रंगाने मोठी फुली मारली, म्हणजे पुन्हा कुणी तो वापरू नये. “नवीन टाकू. आन सिस्टर, त्यो कागद मला एक दिस द्या. फरदीनला दावतो. रोज म्हणतो, अब्बा, टायरच्या कामात डोकं लागत न्हाई.”

रविवारी अकरा वाजता प्रज्ञेश आला. हातपाय धुतले, वडिलांशी पाऊसपाण्याचं बोलावं तसं ऑफिसचं बोलला, आईच्या हातची मटकीची उसळ आणि भाकरी जेवला. किल्लीचा विषय काढायला त्याला जड जात होतं हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटी पाणी पिऊन झाल्यावर त्याने तोंड उघडलं, तेव्हा नंदाबाईंनी तक्ता त्याच्या पुढ्यात ठेवला.

तो आधी नुसता पाहत राहिला, मग वाचू लागला. कारखान्यात त्याचं काम मालाच्या तपासणीचंच. त्याचं बोट मंगळवारवरून शुक्रवारपर्यंत गेलं आणि लाल गोलावर थांबलं.

“खुणा करून... ढकलून बघितलीत? तुम्ही दोघांनी?”

“सविता पण होती.”

“आई, आमच्याकडे एवढ्याला चार माणसं आणि तीन मीटिंगा लागल्या असत्या.” तो हसला आणि मग हसू गेलं. महंमदने काढून दिलेला टायरच्या आतल्या बाजूचा फोटो नंदाबाईंनी फोनवर त्याच्यापुढे धरला होता. “मी घेताना टायर बघितले होते गं. नवे वाटले. चांगले दिसत होते.”

“वरून दिसतच होते चांगले.”

“तुला काही झालं असतं तर?”

“झालं नाही. दिवा लागला, मी बघितलं, कारण सापडलं. दिवा त्यासाठीच असतो.” त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. “तू मला दटावतोस त्याचं मला वाईट वाटत नाही. पण कारण न शोधता गाडी विकली असती, तर तो टायर दुसऱ्या कुणाच्या तरी आईखाली गेला असता.”

प्रज्ञेशने ती भाकरी पूर्ण खाल्ली. किल्ली खिळ्याला होती, तिथेच राहिली.

संध्याकाळी त्याला निरोप द्यायला नंदाबाई त्याच्या गाडीपर्यंत गेल्या. काचेतून सहज आत पाहिलं आणि त्या थबकल्या. डॅशबोर्डच्या एका कोपऱ्यात बोटाएवढी काळी चिकटपट्टी होती.

“हे काय?”

प्रज्ञेशचे कान लाल झाले. “ते... दोन महिने झाले. लागतो अधूनमधून. वेळच मिळाला नाही.”

मागून हनुमंतराव इतक्या मोठ्याने हसले की सविता पुन्हा बाहेर आली. नंदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी दार उघडलं, आत वाकून नखाने ती पट्टी सोलून काढली आणि शेजारच्या सीटवर बसल्या. “चल. महंमदभाईंचं दुकान रविवारी सातपर्यंत उघडं असतं.”

महंमदने प्रज्ञेशला किल्ली फिरवायला सांगितली. दिवा फडफड करू लागला, मिनिटभर तशीच फडफड करत राहिला आणि मग लागून राहिला. चारी चाकं मोजली. हवा बरोबर.

“ह्याचा मातुर खरंच मेलाय,” महंमद म्हणाला. “आतली बॅटरी संपली. चाकं झ्याक हायत. सेन्सर बदलून टाका.”

“म्हणजे चिकटपट्टी चालली असती!” प्रज्ञेश म्हणाला.

“चालली असती,” महंमद शांतपणे म्हणाला. “पण चालती का न्हाई, हे कळाया बी पट्टी काढावीच लागती की.”

बुधवारी सकाळी नऊला नंदाबाई लोहगडवाडीत होत्या. धोंडाबाई दारात तयार बसल्या होत्या, धुतलेलं लुगडं, हातात पिशवी. एका डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळत होता आणि दुसऱ्याला त्याहून थोडं जास्त. नंदाबाईंनी त्यांना धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि पट्टा लावून दिला.

“आवळलं का फार?”

“आवळू दे. पडाया नको.”

गाडी भाजे गावाच्या बाजूने उताराला लागली. गडावर जाणाऱ्यांचे चहा-भज्यांचे ठेले मागे गेले. धोंडाबाई म्हणाल्या, “नंदे, तवा ही गाडी असती तर पारू वाचली असती.”

पारू वरच्या आळीतली होती. पहिलटकरीण. तीन तास दोघी तिच्या उशापायथ्याला बसून खालून येणाऱ्या जीपची वाट पाहत होत्या. जीप आली तेव्हा लेकरू होतं, पारू नव्हती. त्या तीन तासांबद्दल दोघी एकमेकींशीही फारशा बोलत नसत.

नंदाबाईंनी गिअर बदलला. “तवा धड रस्ता तरी कुटं हुता, मावशी?”

“व्हय,” धोंडाबाई म्हणाल्या. “रस्ता बी धड न्हवता. तू पायी आलीवतीस.”

“तुमी माज्या आदी येऊन बसलावता.”

“मी काय, गावातलीच.”

पुढच्या वळणावर खालून एक जीप वर येत होती. रस्ता अरुंद, म्हणून नंदाबाईंनी गाडी डाव्या कडेला घेतली आणि थांबवली. डॅशबोर्डवर एकही दिवा लागलेला नव्हता. जीप पोरापोरींनी भरलेली, पाठीवर पिशव्या, डोक्यावर रंगीत टोप्या. शेजारून जाताना सगळ्यांनी कल्ला केला.

“कोन हाय गं?”

“गडावर चाललेली पोरं आहेत, मावशी. हात करतायत.”

“आपल्याला?”

“आपल्यालाच.”

धोंडाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, पिशवी मांडीवर सरळ ठेवली आणि हात वर केला. जीप तोवर वळणाआड गेली होती. समोर नुसती दरी आणि ऊन होतं. धोंडाबाई त्या उजेडाकडे तोंड करून हात हलवत राहिल्या. तो हात खाली येईपर्यंत नंदाबाईंनी गिअर टाकला नाही.